हसबे गुरुजींच्या नावाचा कागद

“नाव?”

“सर्जेराव भिवा हसबे.”

मी लिहून घेतलं.

आमच्या खोलीत खोटं नाव सांगणारा माणूस आधी छताकडे बघतो, मग दाराकडे, आणि मग एखाद्या मेव्हण्याचं नाहीतर बांधावरच्या वैऱ्याचं नाव ठोकून देतो. बारा वर्षांत एवढं ओळखायला मी शिकले होते. एकाने तर थेट तलाठ्याचं नाव दिलं होतं, कारण तलाठी त्याला उतारा देत नव्हता. पण हा गडी ना छताकडे बघत होता, ना दाराकडे. बापाचं नाव सांगावं तसं त्याने ते सांगितलं. म्हणून मी फसले.

मार्च २०२० ची वीस तारीख होती, शुक्रवार. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातली खोली नंबर अकरा. दारावर ‘सुरक्षा क्लिनिक’ अशी पाटी होती, पण लोक तिला गुप्तरोगाची खोली म्हणत, आणि तेही आवाज खाली आणून. मी तिथली समुपदेशक, ज्योत्स्ना ऐवळे. म्हणजे लोक जे बायकोला, आईला आणि देवाला सांगत नाहीत ते ऐकून घ्यायचं, त्यावर तोंड वाकडं करायचं नाही, आणि औषध पुरं होईपर्यंत त्यांच्या मागे लागायचं.

गड्याच्या तोंडाला रुमाल बांधलेला होता. तेव्हा नुकतीच ती रीत सुरू झाली होती. मला दिसले ते फक्त त्याचे डोळे आणि बोटं. बोटं तेजाबाने पिवळी पडलेली.

“गलाईला असता?”

“व्हय. सेलमला.”

आमच्या तालुक्यातली निम्मी तरणी पोरं देशभर गलाईच्या दुकानांत असतात. सराफांचं जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देण्याचा तो धंदा. वर्षा-दीड वर्षाने यात्रेला, लग्नाला गावी येतात. हा बहिणीच्या लग्नाला आला होता. वय सत्तावीस. खाली एक फोड उठला होता, दुखत नव्हता म्हणून महिनाभर अंगावर काढला होता.

“लग्न झालंय?”

“झालंय. ती म्हायेरी हाय.” मग जरा थांबून म्हणाला, “तिसरा म्हैना लागलाय.”

डॉक्टरांनी तपासलं, रक्त घेतलं. इंजेक्शन मात्र संपलेलं होतं, जिल्ह्याहून सोमवारी यायचं होतं.

“सोमवारी या. नक्की या,” मी म्हटलं. “येताना बायकोलाही आणा. तिचं रक्त तपासायला लागेल.”

“तिचं कशाला? तिनं काय केलंय?”

“तिने काही नाही केलं. तुम्ही केलंय.”

तो मान खाली घालून गेला. रविवारी सगळ्या देशाने थाळ्या वाजवल्या, आणि सोमवारी एस.टी. बंद, बाजार बंद, दवाखान्याच्या फाटकावर पोलीस. बुधवारी रिपोर्ट आला. रोग होता, सिफिलिस, लोक गरमी म्हणतात तो. मी मोबाईल लावायला घेतला तेव्हा लक्षात आलं, त्याने दिलेल्या नंबरात नऊच आकडे होते. गावाच्या रकान्यात त्याने नुसतं ‘याच तालुक्यात’ असं सांगितलं होतं, आणि मी बावळटासारखं तेच लिहून घेतलं होतं.

पुढच्या चार महिन्यांत माझी खोली पीपीई किटच्या खोक्यांनी छतापर्यंत भरली आणि दाराला कुलूप लागलं. आमच्या लॅबवाल्याला लोकांच्या नाकात काड्या घालायला धाडलं. गरोदर बायांचं रक्त तपासायचं तेही थांबलं. आशाताई दारातूनच लोहाच्या गोळ्या टाकून जात. आणि मला लावलं बाधितांच्या संपर्कातली माणसं शोधायला, कारण दवाखान्याच्या मोठ्या साहेबांच्या मते तेवढं एकच काम मला येत होतं.

आणि गंमत बघा, त्या तिमाहीचा माझ्या खोलीचा अहवाल एवढा सुंदर गेला होता की विचारू नका. नवीन रुग्ण, शून्य. जिल्ह्याहून शाबासकीचा फोन आला. मी फोन ठेवला आणि पर्समधला हसबे नावाच्या रिपोर्टचा कागद परत एकदा काढून बघितला. तो मी रोज बरोबर बाळगत होते. ज्या गावात माणसं शोधायला जाई तिथे विचारी, इथे कुणी हसबे आहेत का?

जुलैत माझी पाळी बोरदऱ्याला आली. बाहेरून आलेले चाळीसेक गलाईवाले तिथल्या शाळेत अलग ठेवले होते. मी किट घालून, घामाने निथळत व्हरांड्यात उभी राहिले.

“इथली जबाबदारी कुणाकडे आहे?”

“माझ्याकडे,” एक पांढऱ्या सदऱ्यातले, सडसडीत, चष्मेवाले गृहस्थ पुढे आले. “मी मुख्याध्यापक. लिहून घ्या. सर्जेराव भिवा हसबे.”

माझं पेन थांबलं.

“काय झालं? नाव अवघड आहे का?”

“नाही, नाही. गुरुजी, तुमचा मुलगा सेलमला असतो का?”

“मूलबाळ नाही आम्हाला,” ते सहज म्हणाले. “का हो?”

‘काही नाही’ म्हणून मी यादी पुरी केली. चाळीस जणांची चाळीस जोडी पिवळी बोटं बघितली. पण डोक्यात एकच हिशोब चालला होता. मार्चमध्ये तिसरा, म्हणजे आता सातवा. ह्या रोगाचं इंजेक्शन आईला बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी मिळायला लागतं. नाही मिळालं तर मूल पोटात जातं, नाहीतर जन्मभराचं दुखणं घेऊन येतं. साधं, जुनं, स्वस्त इंजेक्शन. पण कुणाला द्यायचं तेच माहीत नव्हतं.

आमच्या धंद्याचा पहिला नियम, खोलीतलं खोलीत राहतं. बारा वर्षांत मी तो मोडला नव्हता. पण मला वाटलं, कागदावर ज्याचं नाव आहे त्याला त्याचाच कागद दाखवायला कोणता नियम आड येतो? मी गुरुजींना व्हरांड्याच्या टोकाला बोलावलं आणि कागद त्यांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा वर सरकवून तो वाचला. परत वाचला.

“हे... गरमीचं आहे का?”

“हो.”

“मला?”

“तुमच्या नावाला.”

ते असे हसायला लागले की खांबाला धरून उभं राहावं लागलं. “अहो, हे आमच्या हिला दाखवलं पाहिजे. पस्तीस वर्षं म्हणते, तुम्हाला काही जमत नाही.”

हसू ओसरल्यावर त्यांनी कागदाची नीट घडी घातली.

“दिसायला कसा होता?”

“ते मला सांगता यायचं नाही, गुरुजी.”

“नका सांगू. मीच एक गोष्ट सांगतो.” त्यांनी वर्गाच्या पायरीवर बसून घेतलं. मी लांबवर उभी होते. “बरीच वर्षं झाली. सातवीतलं एक पोरगं. बाप गलाईच्या दुकानातच वारला होता, भट्टीवर. पोरगं एका दुपारी पेरूच्या बागेत घुसलं आणि राखणदाराला सापडलं. राखणदाराने कान धरून विचारलं, कुणाचा रे तू? पोरगं म्हणालं, हसबे गुरुजींचा. त्याने ओढत शाळेत आणलं. सगळी शाळा बघत होती. मला म्हणाला, गुरुजी, हे तुमचं का?”

“मग?”

“मग काय. पोरगं माझ्याकडे बघत होतं. मी म्हटलं, हो. माझंच. पेरूचे पैसे दिले, आणि राखणदार गेल्यावर दोन छड्या दिल्या.” गुरुजींनी घडी घातलेला कागद मला परत केला. “तेव्हापासून अडचणीत आलं की ते माझं नाव सांगतं. आता नाव विचारू नका. तुम्ही तुमचं झाकलंय, मी माझं झाकतो.”

“गुरुजी, एवढंच सांगते, घाई आहे. त्याच्यापेक्षा जास्त घाई त्याच्या घरातल्यांना आहे.”

गाव लहान, कोणाच्या घरी पाळणा हलणार आहे हे मास्तरला माहीत असतंच. त्यांचा चेहरा उतरला.

“तुमची ती खोली कधी उघडी असते?”

“खोलीत खोके आहेत.”

“मग खोके काढा. मंगळवारी मी रोगी घेऊन येतो.”

त्याच दुपारी मी साहेबांपुढे जाऊन उभी राहिले.

“साहेब, मंगळवारी दोन तास खोली उघडायची आहे.”

“ज्योत्स्नाताई, तीन महिन्यांत तुमच्याकडे एक पेशंट नाही.”

“दाराला कुलूप आहे, साहेब. पेशंट काय कुलपाला दुखणं सांगणार?”

साहेब तसे भले. त्यांनी दोन तास दिले. खोके मी आणि शिपाई दशरथमामांनी मिळून जिन्याखाली हलवले. जिल्ह्याच्या भांडारातून इंजेक्शनं मी स्वतः रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरशेजारी बसून घेऊन आले. सगळी जय्यत तयारी केली, आणि एक चूक केली.

तेव्हा दवाखान्याच्या आवारात फक्कीचे, म्हणजे पांढऱ्या भुकटीचे, गोल आखलेले होते. एकेका गोलात एकेक माणूस. आत गर्दी नको म्हणून दशरथमामा पायरीवर उभे राहून भोंग्यातून नाव पुकारत. पूर्वी माझ्या खोलीचा माणूस आला की मामा दाराशी येऊन हळूच मान हलवत. बारा वर्षांचा आमचा तो रिवाज. पण हातात भोंगा आल्यापासून त्यांना हळू हा प्रकारच राहिला नव्हता. मार्चचा तो कागद मी इतर कागदांबरोबर त्यांच्या गठ्ठ्यात ठेवला, आणि त्यांना सांगून ठेवायचं विसरले.

साडेदहाला गुरुजींची मोटारसायकल आली. चालवत होता तो. मास्क लावलेला, पण डोळे मी ओळखले. नंतर कळलं, गुरुजींनी त्याला काहीएक विचारलं नव्हतं. त्याच्या दारात जाऊन एवढंच म्हणाले होते, “रणजित, माझी तब्येत बरी नाही रे. तालुक्याच्या दवाखान्यातनं माझ्या नावाचा रिपोर्ट आलाय. गाडी तू चालव.” चार मैल पोरगा गप्प गाडी चालवत राहिला, आणि ओढ्याच्या पुलावर गाडी थांबवून रडला. गुरुजी म्हणाले, “रडून झालं की निघू. दोनच तास खोली उघडी आहे.”

दोघं आवारात शेजारशेजारच्या गोलात उभे राहिले. बोरदऱ्याचीच पाच-सहा माणसं होती. डेअरीचा चेअरमन होता, शाळा समितीतले एक होते, दोन बाया होत्या. मी खिडकीतून बघत होते.

आणि भोंगा कडाडला.

“हसबे! सर्जेराव भिवा हसबे! खोली नंबर अकरा!”

खोली अकरा म्हणजे काय ते तालुक्यात शेंबड्या पोरालाही माहीत. बोरदऱ्याची माणसं माना वळवून गुरुजींकडे बघायला लागली. रणजितने एक पाऊल टाकलं असतं तर सगळ्यांना सगळं कळलं असतं. खोटं नाव, खरा रोग, घरातली सातवा महिना लागलेली बाई, सगळंच. तो गोलात खिळल्यासारखा उभा होता. मला वाटलं, आता हा पळणार. आणि पळाला की परत कधी सापडायचा नाही.

“सर्जेराव हसबे! हायत का न्हाईत?”

गुरुजींनी टोपी नीट केली आणि हात वर केला. रोज पोरांची हजेरी घेणारा तो माणूस, पोरासारखाच म्हणाला,

“हजर!”

आणि सगळ्या आवारातून, सगळ्यांच्या देखत, चालत माझ्या खोलीत आला. मागे कुणीतरी खुदकन हसलं.

“बसू का?” आत आल्यावर ते म्हणाले. “की रोग्याने उभंच राहायचं असतं?”

“गुरुजी, चूक माझी झाली. मी मामांना—”

“चूक भोंग्याची. मागचं दार आहे ना? तो येईल. तोपर्यंत मी बाहेर बाकावर बसतो. इथून लगेच निघालो तर लोकांना संशय यायचा.”

ते बाहेर जाऊन, पाटीच्या बरोबर खाली, अर्धा तास बसले. त्यांनी तिथूनच डोळ्याने खूण केली असावी, कारण पाच मिनिटांनी मागच्या दाराने रणजित आला. इंजेक्शन मोठं असतं, दोन्ही बाजूंना घ्यावं लागतं, भले भले गडी बोंबलतात. त्याने हूं की चूं केलं नाही.

“फोड आपोआप वाळला, मॅडम,” तो म्हणाला. “मला वाटलं, गेलं. म्हणून एप्रिलात तिला आणली म्हायेरनं.”

“फोड जातो. रोग जात नाही. तो आत मुक्काम करतो.”

“तिला ताकदीचं इंजेक्शन म्हणून द्या की. तिला न्हाई सांगितलं तर न्हाई का चालणार?”

“नाही चालणार. सुई तिच्या अंगात जाणार आहे. कशाला जाते ते तिला कळलंच पाहिजे. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. पण तुम्ही सांगितलंत तर संसाराला काही आशा आहे.”

त्याने सांगितलं. गुरुजींच्या घरी, बाहेरच्या सोप्यात, हौसाकाकूंच्या देखत. काकू म्हणजे गुरुजींची बायको. पुढच्या मंगळवारी काकूच काजलला घेऊन आल्या. ह्या वेळी मामा दाराशी येऊन हळूच मान हलवून गेले.

काजल बावीस वर्षांची, पोट सावरत खुर्चीवर बसली. रक्त तपासलं, तिलाही लागण होती. तिने मला एकच विचारलं.

“बाळाला काय हुईल?”

“तीन आठवडे तीन इंजेक्शनं घेतलीस तर बाळ धडधाकट होईल. वेळेत आलीयस.”

“मग द्या,” ती म्हणाली. रणजित भिंतीशी उभा होता. त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, “ह्यांचं काय करायचं ते मी नंतर बघीन.”

ते तीन आठवडे ती गुरुजींच्या घरी राहिली. रणजित रोज सकाळी दारात दूध ठेवून जायचा आणि काकू त्याला रोज नवीन शिवी द्यायच्या. “मी म्हटलं, मेल्या, सोनं शुद्ध करतुस आन् सवताचं हे असं?” काकू मला सांगत होत्या. “पर पोरीनं दूध प्यालं का, त्ये त्यो रोज इचारतो बरं का.”

इकडे आमच्या खोलीचा बोभाटा वेगळ्याच बाजूने झाला. मंगळवारी दार उघडतं म्हटल्यावर मागच्या दाराने एकेक जण यायला लागला. पहिल्या महिन्यात सात, दुसऱ्या महिन्यात एकोणीस. कुणी चार महिने मेडिकलमधून गोळ्या आणून खात होता, कुणाची बायकोही एव्हाना आजारी पडलेली. जिल्ह्याहून फोन आला, आकडा एकदम वाढला कसा? मी म्हटलं, “दार उघडलं, साहेब.”

आणि गुरुजींचा बोभाटा व्हायचा तो झालाच. बोरदऱ्यात त्यांचं नाव निघालं की लोक डोळा मारायचे. गिरणीत एकीने हौसाकाकूंना तोंडावर विचारलं. काकू म्हणाल्या, “आमच्या ह्यांच्यात एवढा दम आसता तर म्या गावजेवण घातलं आसतं.” बाया हसल्या, पण विषय संपला नाही. पंधरा ऑगस्टला झेंडा दुसऱ्याच कुणाच्या हाताने वर गेला. महिनाअखेर गुरुजी निवृत्त झाले. छत्तीस वर्षं त्या गावातली पोरं शिकवलेला माणूस, त्याला ना नारळ, ना शाल. कोरोनामुळे कार्यक्रम नको, असं समितीने ठरवलं. कोरोनाचं निमित्त तेव्हा सगळ्यांनाच सोयीचं होतं.

मला ते सहन होईना. मी त्यांना फोन केला. “गुरुजी, एकदा स्पष्ट सांगून टाका की कागद तुमचा नाही.”

“मग पुढचा प्रश्न येणार, कुणाचा?” ते शांतपणे म्हणाले. “पोरीचे दिवस भरत आलेत, ताई. तिला निवांत बाळंत होऊ द्या. माझ्या नावाला काय, आता निवृत्तच झालंय ते.” मग हसले. पण त्या हसण्यात पहिल्यासारखा जोर नव्हता. दोन वर्षांनी माझे वडील वारले तेव्हासुद्धा मला जेवढं रडू आलं नाही, तेवढं त्या दिवशी फोन ठेवल्यावर आलं. का ते मला आजही नीट सांगता येत नाही.

सप्टेंबरच्या शेवटी काजलला मुलगी झाली. पावणेतीन किलो, आवाज खणखणीत. रक्त तपासलं, डॉक्टर म्हणाले, लक्षण चांगलं आहे, सहा महिन्यांनी परत एकदा बघू, मग खात्रीने सांगता येईल.

सहा महिने म्हणजे मार्च २०२१. दुसरी लाट तोंडावर आली होती. आवारात परत फक्कीचे गोल आणि मामांच्या हातात परत भोंगा. सकाळी रक्त घेतलं होतं, निकाल दुपारी यायचा होता. रणजित, काजल, काकूंच्या मांडीवर लेक, आणि गुरुजी, असे सगळे लिंबाच्या झाडाखाली बसले होते. काजल परत नांदायला गेली होती खरी, पण दर सोमवारी माहेरवाशिणीसारखी काकूंकडे मुक्कामाला यायची.

ह्या वेळी मामांना मी चारदा बजावलं होतं. पण लेकीच्या कागदाला बापाचा जुना कागद टाचलेला होता, आणि मामांचा चष्मा घरी राहिला होता. काहीही केलं तरी घडायचं ते घडतंच.

“हसबे! सर्जेराव भिवा! खोली अकरा!”

आवारातली सगळी डोकी वळली. त्यांत बोरदऱ्याची होतीच. कुणीतरी म्हणालं, “मास्तरांचं अजून बरं झालं न्हाई वाटतं.” गुरुजींनी सवयीने टोपी नीट केली आणि उठायला गुडघ्यावर हात ठेवला.

काजलने नवऱ्याकडे बघितलं. “जावा,” ती म्हणाली. “आता तरी.”

“तुलाबी लोक नावं ठिवतील.”

“ठिवू देत. म्या काय चोरी केली न्हाई. पर ह्या माणसाच्या जिवावर मला आता एक दिस बी काढायचा न्हाई.”

रणजित उठला. “बसा, गुरुजी,” म्हणाला. आवाराच्या मधोमध गेला आणि तोंडावरचा मास्क खाली ओढला. मी त्याचा सगळा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. हनुवटीला खळी होती.

“मामा, त्या कागदावरचं नाव खोटं हाय,” तो ओरडला. त्याला भोंग्याची गरज नव्हती. “गेल्या साली म्या सांगितलं हुतं. रोग माझा हुता. गुरुजी माझ्यासाठी खोलीत गेले. रणजित विठोबा मोटे, बोरदरा. लिवा, मामा, नीट लिवा. हजर!”

कुणी हसलं नाही. शाळा समितीतला एक माणूस दुसऱ्या गोलात उभा होता, तो चपलेच्या टोकाने फक्की उकरायला लागला. गुरुजी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत होते. ते काम त्यांना बराच वेळ पुरलं.

“मास्क लाव आधी,” शेवटी ते म्हणाले.

काकू मात्र काकूच. “झालं,” म्हणाल्या, “गेली तुमची किर्ती. आता परत ‘तुमास्नी काय जमत न्हाई’ म्हनायची पाळी आली माझ्यावर.” आणि पदराने डोळे टिपत लेकीला घेऊन सगळ्यांच्या आधी माझ्या खोलीत शिरल्या.

निकाल आला. लेक साफ होती. मी दोनदा वाचून दाखवला, कारण पहिल्यांदा काजलला तो ऐकूच आला नाही. ती खाली बसून रडायला लागली आणि रणजित तिच्या डोक्यावर हात ठेवावा की नाही अशा विचारात उभा राहिला. मग तिनेच त्याचा हात ओढून घेतला.

मी वही उघडली, जुना कागद समोर ठेवला आणि लाल पेन काढलं.

“गुरुजी, ह्याच्यावरचं तुमचं नाव खोडते.”

“राहू द्या,” ते म्हणाले. “सातवीपासून हा पोरगा माझंच नाव सांगतोय, ताई. एकदा तरी ते सरकारी कागदावर आलं.”